बोलणारं पार्सल

थापा मारणं हा माझा जुना छंद आहे, हे आमच्या नात्यागोत्यात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणूनच आधी सांगून टाकतो, ही थाप नाही.

थाप असती, तर मी ती याहून बरी रचली असती. निदान शेवट तरी नीट केला असता.

हे घडलं माझ्या साडूच्या बाबतीत. म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. तो अजून हयात आहे. तुम्ही जाऊन त्याला विचारलंत, तर तो नाही म्हणणार नाही...

त्याला तसं म्हणताच येणार नाही.

आणि रात्र वगैरे नव्हती बरं का. रात्रीची भुतं परवडली, माणूस उठून दिवा तरी लावतो. हे सगळं सुरू झालं भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, लख्ख उन्हात.

उन्हात आणखी काय लावणार?

साडू टपाल कचेरीत होता. मागच्या अंगाला, जिथं गाड्यांतून गोण्या उतरतात, त्याला लागून एक लांबट खोली. वर पत्रा, भिंतींना लोखंडी मांडण्या, पुढं काउंटर आणि जाळीची खिडकी. ज्या पार्सलांचा पत्ता फाटला, भिजला किंवा गळून पडला, ती सगळी या खोलीत येत. कागदोपत्री खोलीचं नाव चांगलं लांबलचक होतं. कचेरीतले लोक मात्र तिला 'अनाथालय' म्हणत.

काम सोपं. पार्सल उघडायचं, आत कुणाचं नाव-गाव सापडतंय का बघायचं, सापडलं तर नवा पत्ता डकवून मार्गी लावायचं. आणि साडू या कामात वस्ताद! नुसत्या गाठीवरून सांगायचा, हे पुरुषानं बांधलंय की बाईनं. त्याला सापडलं नाही असं पार्सल नव्हतं.

मनात असलं तर.

"माणूस पोचलेला, पार्सलं तेवढी पोचत नाहीत," असं आक्का म्हणायची. आक्का म्हणजे तिथं गोण्या उचलणारी बाई. दंडानं मजबूत, जिभेनं त्याहून.

हरवलेल्या पार्सलाची चौकशी करायला लोक खिडकीशी आले, की साडूला सणासुदीसारखं वाटे.

"जुना खोका वापरलात ना? मग त्याच्यावरचं जुनं लेबल खरवडायला काय हात मोडले होते? गेलं असेल पार्सल जुन्या पत्त्यावर. जा, तिथं जाऊन मागा."

"लेबलावर चिकटपट्टी नाही लावलीत? का? पाऊस तुमचा मामा लागतो?"

"आत पत्त्याची चिठ्ठीसुद्धा नाही? अहो, पोराला जत्रेत नेतानासुद्धा लोक गळ्यात नाव लिहून अडकवतात!"

आणि शेवटी ठरलेला उपदेश. "बांधून झालं, की कानाला लावून हलवायचं. आवाज आला, तर सोडून पुन्हा बांधायचं. पार्सलनं बोलता कामा नये. बोलणारं पार्सल पोचत नाही."

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

एके दिवशी त्या खिडकीशी मास्तर आले.

साडूला शाळेत भाषा शिकवलेले मास्तर. लहानपणी याला 'श' म्हणता येत नसे. तोंडातून 'स'च यायचा. मास्तरांनी त्यासाठी एक वाक्य रचलं होतं. शेजारच्या सशानं सहा शेंगा सोलल्या. सगळ्या वर्गापुढं उभं राहून म्हणायचं. हा म्हणे, सेजारच्या ससानं सहा सेंगा सोलल्या. वर्ग खो खो हसे.

मग मास्तर शांतपणे म्हणत, "हात पुढे कर."

छडी. "पुन्हा म्हण."

पुन्हा 'स'. पुन्हा छडी.

साडूचा 'श' काही सुधारला नाही. पण मास्तरांवर त्याचा दात राहिला, तो राहिलाच.

आणि आता मास्तर खिडकीशी उभे होते. वाळलेले, गाल आत गेलेले. तोंडात एकही दात नाही.

"माझं पार्हल आलं का?" त्यांनी विचारलं.

"काय आलं का?"

"पार्हल. कवळी दुरुहतीला पाठवली होती. त्यांनी परत पाठवलीय म्हणतात."

मास्तरांचा 'स' गेला होता. 'श'ही गेला होता. उरला होता फक्त 'ह'.

साडूच्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं, की आक्काच्या हातातली गोणी खाली आली.

"मास्तर, ओळखलंत का मला? मी तो सेंगावाला! पार्सल बघतो की. पण आधी म्हणून दाखवा बरं... सेजारच्या ससानं..."

मास्तरांनी ओळखलं. खाली बघितलं. मग, लहान मूल म्हणतं तसं, हळूच म्हणाले, "हेजारच्या हहानं हहा हेंगा होलल्या."

साडू काउंटरवर थापा मारमारून हसला.

"पुन्हा म्हणा," तो म्हणाला.

आता मेख अशी, की पार्सल आलेलं होतं. चांगले काही दिवस झाले होते. चपलांच्या डब्याएवढा खोका, लेबल गळून पडलेलं. साडूनं तो उघडला होता. कापसात ठेवलेली कवळी, आणि खाली, अगदी नियमाप्रमाणे, मास्तरांच्या नावाची नि पत्त्याची चिठ्ठी. दुरुस्ती करणारा शहाणा होता बिचारा. फक्त कापूस कमी घातला होता. हलवलं, की खुळखुळ वाजायचं.

साडूनं ती चिठ्ठी वाचली होती. पुन्हा आत घातली होती. खोका बंद करून सगळ्यात वरच्या फळीवर, मागं सरकवून ठेवला होता.

पत्ता होता. यानंच पत्ता लागू दिला नाही.

मास्तर रोज येऊ लागले. रोज तेच वाक्य, रोज तेच हसणं. पुढंपुढं साडू गाडीवाल्यांनासुद्धा तमाशा बघायला बोलावी.

एकदा मास्तर जाळीला बोटं धरून म्हणाले, "बाळ, खाण्याचं राहू दे. मी दुधात पाव बुडवून खातो. पण माझी नात आहे, लांब. बोलताना अडखळते. मी रोज हंध्याकाळी फोनवर तिला हिकवत होतो. आता ती म्हणते, आजोबा, तुम्ही काय बोलता ते कळतच नाही. फोनवर यायचीच बंद झाली रे..."

"अरेरे," साडू म्हणाला. "नीट बोला की मग. उच्चार सुद्ध हवा, मास्तर. तुम्हीच सांगायचात."

मास्तर गेल्यावर आक्का भडकली. "अहो, दाताच्या कण्या केल्या त्या म्हाताऱ्यानं. वरच्या फळीवर एकदा बघा तरी!"

"तू गोण्या उचल," साडू म्हणाला.

पुढच्या आठवड्यात मास्तर आले नाहीत.

आक्कानंच बातमी आणली. घरात एकटेच गेले. फोनच्या खुर्चीत बसल्या बसल्या. रिसीव्हर हातात होता.

साडू डबा उघडत होता. झाकण काढलं. मग म्हणाला, "चला, सुटले. आता चावायची कटकटच नाही."

 आक्कानं त्याच्याकडं असं बघितलं, जसं माणूस नासलेल्या दुधाकडं बघतो. मग सुट्टीत बाहेर जाऊन बसली.

साडू खोलीत एकटा राहिला. जाळीची खिडकी बंद. बाहेर ऊन. पत्रा तापून मधूनच वाजत होता.

आणि मग...

कट्.

पत्रा असेल, त्याला वाटलं.

कट्... कट्.

पत्रा नव्हता. आवाज वरच्या फळीवरून येत होता.

साडू उठला. स्टुलावर चढला. मागचा खोका काढून कानाशी धरला, हलवला.

काहीच नाही.

तो पुन्हा हलवून बघू लागला, जोरात. आत कवळी होती हे त्याला पक्कं ठाऊक होतं. खुळखुळायलाच हवी होती. पण खोका मुका. आत कुणी श्वास धरून बसल्यासारखा.

त्यानं खोका ठेवला. खाली उतरला. डब्याशी आला.

डब्यातल्या सफरचंदाचा एक घास गेलेला होता.

खोलीत कुणी आलं नव्हतं. दार आतून बंद होतं. घास ताजा होता, आणि त्यावर दातांच्या खुणा होत्या. एकसारख्या. सरळ रेषेत. माणसाचे खरे दात इतके नीट कधीच नसतात.

त्या दिवसापासून रोज दुपारी हाच खेळ. सगळे जेवायला गेले, की वर कट् कट् सुरू. एकदा शेजारच्या पार्सलांची सुतळी कुरतडलेली निघाली. एकदा खोक्याचा कोपराच चावून काढलेला. आतल्या बाजूनं.

आणि एका दुपारी खोका बोलला.

अगदी हळू. कापसातून येतो तसा दबका आवाज.

"शेजारच्या सशानं..."

आणि थांबला. पुढचं कुणीतरी म्हणावं, म्हणून वाट बघत थांबतात ना, तसा.

साडूची दातखीळ बसली.

आता कुणी म्हणेल, घेऊन जायचा खोका मास्तरांच्या घरी, ठेवायचा फोटोसमोर, मागायची माफी. पण साडूला माफी मागायची सवय नव्हती. त्यानं टपालवाल्याचं डोकं चालवलं. खोका लांब पाठवून द्यायचा. इतका लांब, की परत येऊच नये. नाव खोटं, रस्ता खोटा, पाठवणाऱ्याची जागा कोरी. आत चिठ्ठी नाही. म्हणजे पार्सल फिरत राहील आणि शेवटी दुसऱ्याच कुठल्यातरी अनाथालयात मुक्काम करील. पार्सल हरवायचं कसं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

जुना खोका तर चावून फाटला होता. त्यानं घरून एक मजबूत खोका आणला. बायकोनं काहीतरी मागवलं होतं, त्याचा. कवळी चिमट्यानं उचलून त्यात टाकली. कापूस कोंबला, फडकी कोंबली, स्वतःचे जुने मोजेसुद्धा कोंबले. वर नवं लेबल, त्यावर चिकटपट्टी. कानाशी धरून हलवलं.

आवाज नाही.

"आता बोल," तो म्हणाला.

दुपारच्या गाडीनं खोका गेला. साडूनं स्वतःच्या डोळ्यांनी गाडी फाटकाबाहेर जाताना पाहिली. त्या दिवशी खोलीत चिडीचूप. सफरचंद अख्खं. तो घरी शीळ घालत आला.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना त्याला तोंडात काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

जीभ फिरवली. पुढचा एक दात नव्हता.

दुखलं नव्हतं. रक्त नव्हतं. दात पडला म्हणावा, तर पडला कुठं? कपात नाही, बशीत नाही, जमिनीवर नाही. बायकोनं टेबलाखाली वाकून शोधलं.

बेपत्ता.

मग दुसरा. मग दाढ. झोपून उठला, की एखादा कमी. उशीवर काही नाही. दातांच्या डॉक्टरांनी तोंडात दिवा टाकून बघितलं आणि त्याच्याकडं चमत्कारिक नजरेनं पाहिलं.

"हे दात पडून बरीच वर्षं झालीत," ते म्हणाले. "हिरड्या पार भरून आल्यात. तुमचं वय काय म्हणालात?"

साडू म्हणाला, "हत्तेचाळीह."

आणि स्वतःचाच आवाज ऐकून त्यानं तोंडावर हात धरला.

पुढची हकिगत मला माझ्या मेव्हणीनं सांगितली. दुपारची वेळ. साडू रजा टाकून घरातच पडून होता. दुधात पाव बुडवून खात होता. दारावरची घंटा वाजली. मेव्हणी गेली आणि खोका घेऊन आली.

"अहो, तुमच्या नावाचं पार्सल!"

साडूनं खोका ओळखला. हातातली वाटी सांडली.

झालं होतं काय, की वरच्या बाजूला यानं खोटा पत्ता डकवला. पण खोक्याच्या बुडाला जुनं लेबल तसंच होतं. त्याच्याच घरचं. आयुष्यभर ज्या चुकीसाठी लोकांना खिडकीत उभं करून सोललं, तीच चूक! खरवडलं नव्हतं. तो खोटा पत्ता कुणाला सापडला नाही, मग कुठल्यातरी कारकुनानं खोका उलटा करून बघितला आणि, मन लावून काम करणारा असणार तो, पार्सल मार्गी लावलं.

मेव्हणीनं खोका फोडला आणि तिचा चेहरा खुलला.

"अगंबाई, कवळी! सांगितलंही नाहीत. लाजायचं काय त्यात?"

"फेकून दे!" साडू ओरडला. "ते माहतरांचे दात आहेत! हाळेतल्या माहतरांचे!"

"कसल्या माळेतले?"

"हाळेतल्या! हाळा! हाळा!"

"हाळा काय हाळा? नीट बोला ना जरा." आणि ती हसली. वाईट मनानं नव्हे हो. बाई साधी आहे. पण साडूनं सांगितलं, हात जोडून सांगितलं, रडून सांगितलं, आणि प्रत्येक वेळी त्या माउलीला हसूच येत गेलं. शेवटी ती डोळे पुसत म्हणाली, "पुन्हा म्हणा बरं."

साडू गप्प झाला, तो झालाच.

त्यानं कवळी उचलून कचऱ्यात टाकली. कचरेवाल्याची गाडी गेल्याचं पाहिलं. मग दुपारी डोळा लागला.

मेव्हणी आत भांडी लावत होती. बाहेरच्या खोलीतून आवाज आला. स्वच्छ. खणखणीत. एकेक अक्षर धुऊन वाळत घातल्यासारखं.

"शेजारच्या सशानं सहा शेंगा सोलल्या."

लग्न झाल्यापासून तिनं नवऱ्याच्या तोंडून एकदाही 'श' ऐकला नव्हता.

ती बाहेर आली. साडू खुर्चीत बसलेला. डोळे फाटलेले. तोंडात शुभ्र, एकसारख्या, सरळ रेषेतल्या दातांची कवळी. आणि तो दोन्ही हातांनी ती ओढत होता.

निघाली नाही. अजून निघालेली नाही.

मी हे ऐकून त्याला भेटायला गेलो. मला वाटलं, मेव्हणी तिखटमीठ लावतेय. तेवढा गुण आमच्या घरातून तिच्याकडं गेला असेल.

संध्याकाळ होत होती. साडू फोनशेजारच्या खुर्चीत बसला होता. मी म्हटलं, "काय साडूभाऊ, कसं काय?"

"बरं आहे. बसा," तोंड म्हणालं.

मी मुद्दाम 'तोंड' म्हणतोय. कारण डोळे वेगळंच काहीतरी म्हणत होते. डोळे माझ्याकडं असे लागले होते, जसं बुडणारं माणूस काठाकडं बघतं. मी पुढं झालो. कवळी काढायला हात उचललाही होता...

इतक्यात त्याचा हात फोनकडं गेला. बोटांनी नंबर फिरवला. मेव्हणी माझ्या कानात कुजबुजली, "कुणाचा नंबर आहे, मला माहीत नाही. त्यांनाही माहीत नाही. पण रोज याच वेळी..."

पलीकडून फोन उचलला गेला. त्या खोलीत इतकी शांतता होती, की मला पलीकडचं ऐकू आलं. लहान मुलीचा आवाज.

"आ... आ... आजोबा?"

"हो बाळा. मीच," तोंड म्हणालं. इतक्या मायेनं, की माझ्या अंगावर काटा आला.

"आ... आता तुमचं बोलणं नीट कळतं!" मुलगी हसली.

त्या पोरीला आजोबा गेल्याचं कुणी सांगितलंच नव्हतं, की सांगूनही तिनं मानलं नव्हतं, मला ठाऊक नाही. मी हात खाली घेतला. काढली असती कवळी, तर मुलीशी कोण बोललं असतं? साडूनं ते पाहिलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी ओघळू लागलं. तोंड मात्र हसत होतं.

"म्हण बरं. शेजारच्या सशानं..."

"शे... शेजारच्या स... ससा..."

मुलगी अडखळली. चुकली.

"असू दे, असू दे," तोंड तिला म्हणालं. "घाई नाही."

मग रिसीव्हरवर हात ठेवून, अगदी शांतपणे, तेच तोंड स्वतःशीच म्हणालं...

"हात पुढे कर."

साडूचा मोकळा हात पुढं आला. तळवा वर. खोलीत छडी नव्हती. कुणी हललंही नाही. पण हवेत सप्पकन् आवाज झाला आणि त्या तळव्यावर, माझ्या डोळ्यांदेखत, लालभडक वळ उठला. जुन्या वळांच्या शेजारी.

चूक मुलीची. छडी याच्या हातावर.

"पुन्हा म्हण, बाळा," तोंड फोनवर म्हणालं.

मी चपला हातात घेऊन बाहेर पडलो. जिन्यात असताना पुन्हा तो आवाज ऐकू आला. आणि पुन्हा. नंतर नंतर मला कळेना, की माझ्या कानाला तो ऐकू येतोय, की आठवतोय.

आता संध्याकाळ झाली, की मी कुठंही असलो तरी मनात देवाला एवढंच म्हणतो, आज तरी त्या पोरीचं वाक्य एकदाच, न अडखळता होऊ दे.

मेव्हणी म्हणते, मुलगी आता थोडी सुधारलीय.

तोंडानं म्हणे, तिच्यासाठी आणखी मोठं वाक्य रचलंय.